दिसणं आणि वाटणं

खुनाच्या खटल्याचा निकाल लागला की मराठी बातमीत एक वाक्य हमखास येतं: ‘शिक्षा ऐकताना आरोपीच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेशही नव्हता.’ मी हे वाक्य शाळेत असल्यापासून वाचतो आहे. वार्ताहर बदलले, वर्तमानपत्रं बदलली, छापील पानाच्या जागी मोबाइल आला, तरी वाक्य तेच राहिलं. वाचताना आपण मान डोलावतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. पण ‘पश्चात्ताप’ हा शब्द नीट पाहा. पश्चात् ताप, म्हणजे मागाहून होणारी जळजळ. ती आतली आहे, हे शब्दच सांगतो. मग न्यायालयात दहा-बारा फुटांवर बाकावर बसलेल्या माणसाला ती दुसऱ्याच्या गालांवर आणि भुवयांवर कशी दिसणार? दिसला असेल तो चेहरा. पश्चात्ताप होता की नव्हता, हा त्या चेहऱ्यावरून काढलेला अंदाज, आणि बातमीत मात्र तो डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीसारखा छापला गेला.

शिवाय तो माणूस शेवटपर्यंत ‘मी हे केलेलं नाही’ असंच म्हणत असेल, तर त्याने पश्चात्ताप दाखवायचा तरी कसला? दाखवला तर तो कबुलीजबाब ठरतो आणि नाही दाखवला तर निर्ढावलेपणा.

हा कीस काढण्यामागे कारण आहे. बाहेर दिसतं त्यासाठीचे आणि आत होतं त्यासाठीचे शब्द मराठीने वेगवेगळे सांभाळलेले आहेत. ते एकमेकांच्या जागी वापरले की त्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागते. कुणाची बदनामी होते, कुणी तुरुंगात जातं, कुणाची तक्रार खोटी ठरते.

आधी आपल्याकडची ही संपत्ती पाहू. चेहरा पडला, तोंड उतरलं, गोरामोरा झाला, कावराबावरा झाला, रडवेला, भेदरलेला, मख्ख, घुम्मा: हे सगळं डोळ्यांना दिसणारं. दुसरीकडे खंत, सल, रुखरुख, हुरहुर, घालमेल, व्यथा. सल म्हणजे आत रुतून राहिलेला काटा. वरून कातडी साफ असते. रुखरुख लागलेला माणूस हसतखेळत जेवतो, पानही लावतो, आणि शेजारी बसलेल्याला पत्ता लागत नाही. ‘त्याचा चेहरा रुखरुखला’ असं मराठीत कुणी म्हणणार नाही, आणि ‘त्याचं मन गोरंमोरं झालं’ असंही नाही.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. खोलवरची भावना सांगायची वेळ आली की मराठी माणूस सहसा चेहऱ्याकडे जातच नाही, तो पोटाकडे जातो. भीतीने पोटात गोळा येतो. दुसऱ्याचं दुःख पाहून पोटात कालवाकालव होते. लेकरासाठी आतडं तुटतं. वाईट बातमी ऐकून काळजात चर्र होतं. दुसऱ्याचं बरं पाहून पोटात दुखतं, आणि क्षमा करायची तर अपराध पोटात घालायचा. पोट, आतडं, काळीज या सगळ्या न दिसणाऱ्या जागा आहेत. भावना जिथे राहते तिथवर बघणाऱ्याची नजर पोचत नाही, हे आपल्या बोलीने केव्हाच ठरवून टाकलेलं आहे.

व्याकरणही तेच सांगतं. ‘मी रागावतो’ म्हणता येतं, पण सहज तोंडी येतं ते ‘मला राग आला’. मला भीती वाटते, मला वाईट वाटतं. वाटणं हे ज्याचं त्याला कळतं. दुसऱ्याबद्दल बोलताना जपून बोलणारा माणूस म्हणतो, ‘त्याला वाईट वाटलेलं दिसतंय’, ‘तिला राग आला असावा’. त्या ‘दिसतंय’मध्ये आणि ‘असावा’मध्ये केवढा प्रामाणिकपणा आहे! जपानी भाषेत तर हे जवळजवळ नियमासारखंच आहे. स्वतःच्या दुःखासाठी ‘कानाशी’ म्हणायचं, समोरच्याबद्दल बोलताना सहसा ‘कानाशिसो’, म्हणजे दुःखी दिसतो आहे. मराठीने अशी सक्ती केलेली नाही, सोय मात्र करून ठेवली आहे. बातमी लिहिताना, निकाल लिहिताना, फेसबुकवर कुणाचा न्याय करताना आपण तीच सोय बाजूला ठेवतो.

घोटाळ्याचं मूळ काही अंशी ‘भाव’ या शब्दात आहे. देवळात ‘मनी भाव असावा’ म्हणतात तेव्हा तो आतला. ‘चेहऱ्यावरचे भाव’ म्हणतो तेव्हा तो बाहेरचा. एकाच शब्दाने दोन्ही घरं सांभाळली की मधली भिंत दिसेनाशी होते. भरतमुनीच्या नाट्यशास्त्राने ही भिंत नीट बांधलेली होती. मनात असतो तो भाव. त्याच्या मागोमाग शरीरावर येतो तो अनुभाव. कटाक्ष, भुवया, हातांची हालचाल, सगळे अनुभाव. अश्रू, घाम, थरथर, आवाज चिरकणं अशा आठ सात्त्विक भावांचा विचार भरताने वेगळा केला. आणि अश्रूंबद्दल तो काय सांगतो ते ऐकण्यासारखं आहे. डोळ्यांत पाणी येतं ते आनंदाने, संतापाने, धुराने, काजळाने, जांभईने, भयाने, शोकाने, पापणी न लवता एकटक पाहिल्याने, थंडीने आणि आजाराने. एका थेंबाची दहा कारणं, आणि शोक हे त्यांतलं फक्त एक. नटाला रडायला शिकवणाऱ्या शास्त्राला हे ठाऊक होतं. ‘अनुभाव’ हा शब्द आज काव्यशास्त्राच्या तासापुरता उरला आहे. तो रोजच्या बोलण्यात परत यावा असं मला मनापासून वाटतं, कारण ‘चेहऱ्यावरचे भाव’ म्हणताना आपण नेमकं काय पाहिलं, हे तो शब्द आपल्याला विचारत राहील.

आता महाराष्ट्रातलाच एक खटला. 26 मार्च 1972 च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1976 साली त्यांना दोषी ठरवलं, आणि ते करताना एक भेद स्पष्ट केला: भीतीपोटी निमूटपणे शरीर सोडून देणं म्हणजे इच्छा नव्हे. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. अंगावर जखमा नव्हत्या, प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या, तेव्हा जे झालं ते शांतपणे झालं, असा त्या निकालाचा सूर होता. इंग्रजी निकालात त्यासाठी ‘पीसफुल’ हा शब्द आला आहे.

‘शांत’ हा शब्द इथे किती मोठं काम करून गेला पाहा. मराठीतही तो दोन्ही बाजूंना चालतो. तळं शांत असतं, रस्ता शांत असतो, झोपलेलं मूल शांत असतं, आणि साधूचं मनही शांत असतं. पहिले तीन वापर बाहेरचे, चौथा आतला. रात्री ठाण्याचं दार बंद झालेलं, समोर वर्दीतले दोघं, बाहेर नातेवाईक ताटकळत उभे, अशा ठिकाणी मुलगी ‘शांत’ असेल तर त्यासाठी मराठीत दुसरे नेमके शब्द आहेत. निमूट. गप्पगार. थिजलेली. खालमानेने. यांतला एकही शब्द ‘राजी’च्या जवळपास जात नाही. बाहेरची शांतता पाहिली, आतली संमती लिहिली. सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, तेव्हा त्यांचा मुद्दा हाच होता: मुकाट्याने सोसणं आणि संमती देणं यांत फरक आहे. त्या पत्रातून देशभर आंदोलन उभं राहिलं आणि 1983 साली कायदा बदलला. पुरावा कायद्यात 114-अ हे कलम आलं. कोठडीसारख्या ठिकाणी शरीरसंबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि ‘माझी संमती नव्हती’ असं स्त्रीने न्यायालयात सांगितलं, तर संमती नव्हती असंच न्यायालयाने गृहीत धरायचं. म्हणजे आत काय होतं हे तिच्या तोंडून ऐकायचं, तिच्या देहावरून वाचायचं नाही. शब्दांतला एक भेद कायद्यात उतरायला अकरा वर्षं लागली.

एवढं झाल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. तो मिटला नाही. 2021 च्या मे महिन्यात म्हापशाच्या सत्र न्यायालयाने एका गाजलेल्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात आरोपीची निर्दोष मुक्तता केली. निकाल बरोबर की चूक याबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही. गोवा सरकारने त्याविरुद्ध अपील केलं. मला बोलायचं आहे ते निकालपत्रातल्या एका युक्तिवादाबद्दल. घटनेच्या सुमारास काढलेल्या छायाचित्रांत तक्रारदार स्त्री हसरी, आनंदी दिसते, भेदरलेली किंवा खचलेली दिसत नाही, याला तिथे महत्त्व दिलं गेलं. छायाचित्रासाठी हसू न आणणारा माणूस आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? कॅमेरा समोर आला की ओठ आपोआप फाकतात. लग्नाच्या अल्बममधला प्रत्येक जण सुखी असता तर जगात भांडणंच उरली नसती.

सर्वोच्च न्यायालयानेच ऑगस्ट 2023 मध्ये न्यायाधीशांसाठी स्त्रियांविषयीच्या ठोकळेबाज समजुतींवर एक पुस्तिका काढली. अत्याचार झालेली स्त्री सतत रडतेच, खचतेच, आणि तशी वागली नाही तर ती खोटं बोलते आहे, ही समजूत तिथे चुकीची म्हणून नोंदवली आहे. दाखला अगदी घरातला दिला आहे: आईवडिलांपैकी कुणी गेलं तर एक जण चारचौघांत रडतो, दुसरा कोरडा राहतो. एवढी साधी गोष्ट न्यायाधीशांना छापून द्यावी लागते, यावरून ही सवय किती खोल गेली आहे ते कळतं.

ही सवय काही आपल्यापुरतीच नाही. ऑस्ट्रेलियात 1980 साली उलुरू खडकाजवळच्या तळावरून अझारिया चेंबरलेन ही नऊ आठवड्यांची मुलगी नाहीशी झाली. डिंगोने, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने, तिला ओढून नेलं असं आई लिंडी सांगत राहिली. पण टीव्हीवर ती धाय मोकलून रडली नाही. बाळाचे कपडे कसे सापडले वगैरे तपशील ती सपाट आवाजात सांगत होती, आणि सगळा देश म्हणू लागला, ही आई आहे की कोण? 1982 साली तिला खुनाबद्दल जन्मठेप झाली. खटल्यात रक्ताचा म्हणून मांडलेला पुरावाही होता, पुढे तो फोल ठरला. पण लोकांनी तिला आधीच चेहऱ्यावरून दोषी ठरवलं होतं. 1986 साली बाळाचं जाकीट डिंगोंच्या वावराच्या जागेजवळ सापडलं आणि ती सुटली. 1988 साली शिक्षा रद्द झाली. मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून डिंगो लिहिला जायला 2012 साल उजाडलं.

तीच कोरडी नजर आपल्याकडे शहीद जवानाच्या पत्नीची असेल तर? तेव्हा बातमी म्हणते, ‘डोळ्यांत अश्रूंचा थेंबही न आणता वीरपत्नीने निरोप दिला.’ कोरडे डोळे इथे धीरोदात्तपणा ठरतात, लिंडीच्या वेळी क्रौर्य ठरले, आणि आत्महत्या केलेल्या नवऱ्याच्या बायकोचे असले तर गावात कुजबुज सुरू होते. तिन्ही ठिकाणी डोळे तेवढेच कोरडे. म्हणजे आपण चेहरा वाचत नसतो. त्या बाईबद्दल आपलं आधीच जे मत झालेलं असतं, ते तिच्या चेहऱ्यावर लिहीत असतो.

हे मी घरात पाहिलेलं आहे. माझ्या मामांना पार्किन्सन होता. त्या आजारात हातांची थरथर सगळ्यांना माहीत असते, पण चेहऱ्याचे स्नायूही आखडतात आणि चेहरा मुखवट्यासारखा होतो, हे फारसं कुणाला माहीत नसतं. मुलीच्या लग्नात, पाठवणीच्या वेळी, मामा खुर्चीत बसून होते. सगळा मांडव रडत होता आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ‘पोरगी निघाली तरी बापाला काही वाटत नाही,’ असं वरपक्षाकडची एक बाई बोलली, आणि ते त्यांनी ऐकलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी ताईला चिठ्ठी लिहिली. त्या आजारात अक्षरही बारीक होत जातं. मुंग्यांची रांग लागावी तशा चार ओळी होत्या. त्यात काय होतं ते ताईने कुणाला दाखवलं नाही. मला एवढंच ठाऊक आहे की ती चिठ्ठी अजून तिच्या मंगळसूत्राच्या डबीत आहे.

डॉक्टरांच्या एका शिस्तीकडे मला म्हणूनच बोट दाखवावंसं वाटतं. मानसोपचारतज्ज्ञ रुग्ण तपासतात तेव्हा केसपेपरवर दोन वेगळ्या नोंदी करतात. एक ‘मूड’: रुग्ण स्वतः काय सांगतो, त्याला कसं वाटतं आहे. दुसरी ‘अफेक्ट’: डॉक्टरांना समोर काय दिसलं. रुग्ण म्हणाला ‘जगावंसं वाटत नाही’ आणि हे सांगताना तो हसला, तर दोन्ही लिहायचं. हसला म्हणून पहिलं खोडायचं नाही. उलट या दोन नोंदी जुळत नाहीत, हीच कामाची माहिती असते. मेंदूला पक्षाघातासारखी इजा झाली की काही रुग्णांना मनात काही नसताना रडण्याचा किंवा हसण्याचा झटका येतो. तिथे तर चेहऱ्यावर विसंबून चालणारच नाही. नैराश्य आलेली कितीतरी माणसं ऑफिसात, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सगळ्यांत हसरी असतात, आणि नंतर आपण म्हणतो, ‘पण तो तर किती आनंदी होता!’ आनंदी दिसत होता. एका क्रियापदाचा फरक आहे. ते वेळेवर सुचलं असतं तर कदाचित कुणी त्याला बाजूला घेऊन विचारलं असतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. चेहरे वाचल्याशिवाय संसार चालेल का? आईला लेकराचं तोंड बघून कळतं, शिक्षकाला वर्ग बघून कळतं, आणि साक्षीदार कचरतो की नाही हे न्यायाधीशाने पाहायचं नाही तर कुणी पाहायचं? खरं आहे. कायदाही तसं सांगतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 280 व्या कलमात साक्षीदाराच्या हावभावांबद्दल न्यायाधीशाला महत्त्वाचं वाटेल ते नोंदवायला सांगितलं होतं, आणि ही तरतूद नव्या संहितेतही आहे. पण कायदा हावभाव नोंदवायला सांगतो, मन नोंदवायला नाही. ‘उत्तर देण्याआधी साक्षीदार बराच वेळ थांबली, पाणी मागितलं, आवाज कापत होता’ ही हावभावांची नोंद. ‘साक्षीदार घाबरली होती कारण ती खोटं बोलत होती’ यात दोन उड्या आहेत. पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढलेल्या खेडेगावच्या बाईला पाणी मागायला खोटं बोलावं लागत नाही.

आई आणि न्यायाधीश यांत दुसराही एक फरक आहे. आईने चेहरा चुकीचा वाचला तर लेकरू म्हणतं, ‘नाही गं, पोट दुखतंय.’ अंदाज तिथल्या तिथे दुरुस्त होतो, पुन्हा पुन्हा होतो, म्हणून तर आईचं वाचन सुधारत जातं. बातमीतला आरोपी, छायाचित्रातली तक्रारदार, टीव्हीच्या पडद्यावरची विधवा यांना ‘नाही हो, तसं नव्हतं’ म्हणायची सोयच नसते. जिथे समोरच्याला दुरुस्ती करता येत नाही, तिथे आपण त्याचं मन सांगू नये. माझा आग्रह एवढाच आहे.

आणि आता हे काम यंत्रांकडे निघालं आहे. संकटात सापडलेल्या स्त्रीच्या चेहऱ्यावरून ते ओळखून पोलिसांना आपोआप इशारा देणारे कॅमेरे बसवण्याचा बेत लखनौ पोलिसांनी जानेवारी 2021 मध्ये जाहीर केला. हेतू चांगलाच असेल. पण उन्हात डोळे बारीक करून, फोनवर भावाशी भांडत चाललेली मुलगी संकटात आहे, आणि ओळखीच्याच माणसाच्या धाकाने त्याच्यासोबत निमूट चाललेली मुलगी सुखरूप आहे, असं ते यंत्र सांगेल त्याचं काय? मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 साली हजाराहून अधिक शोधनिबंध तपासून सांगितलं की एका चेहऱ्यामागे एक भावना असं गणित बांधता येत नाही. राग आलेला माणूस आठ्या घालेलच असं नाही, आणि आठ्या घालणारा रागावलेलाच असेल असंही नाही. युरोपीय संघाने कामाच्या ठिकाणी आणि शाळा-महाविद्यालयांत भावना ओळखणारी अशी यंत्रं वापरायला वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळता बंदी घातली. ती फेब्रुवारी 2025 पासून लागू आहे. आपल्याकडे अशी बंदी नाही. अशा यंत्रांची जाहिरात ‘भावना ओळखतो’ अशी केली जाते. ते ओळखतं ती मुद्रा. निविदेच्या कागदावर तरी ‘मुद्रा’ हाच शब्द असावा, म्हणजे सही करणाऱ्याला आपण काय विकत घेतो आहोत हे कळेल.

पत्रकारांकडे माझी मागणी याहून साधी आहे. पोलिसांचा पंचनामा रुक्ष असतो, पण त्यात एक सभ्यता असते. पंचांनी समक्ष पाहिलं तेवढंच लिहायचं. ‘मयताचे डोळे अर्धवट उघडे, उजवी मूठ वळलेली.’ मरताना त्याला काय वाटलं असेल, हे तिथे कुणी लिहीत नाही. हीच शिस्त जिवंत माणसांबद्दल लिहिताना पाळावी. निकालाच्या दिवशी न्यायालयात बसलेल्या वार्ताहराने जे पाहिलं ते आम्हाला सांगावं. आरोपी निळ्या शर्टात होता. निकाल वाचला जात असताना तो समोर पाहत होता. मान खाली घातली नाही. शिक्षा ऐकल्यावर त्याने वकिलाला काहीतरी विचारलं आणि वकिलाने मान हलवली. पोलीस त्याला नेत असताना त्याने एकदा मागे वळून मागच्या बाकाकडे पाहिलं. तिथे त्याची आई बसली होती.